वरच्या रेघा कीटकांच्या

माझे कान एकदम गेले नाहीत. साठी उलटल्यावर एका सप्टेंबरात रातकिडे बोलायचे थांबले आणि मला वाटलं, चला, ग्वाल्हेरच्या आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यात निदान एक तरी गोष्ट सुधारली. मग विमल पुटपुटायला लागली. तोंडातल्या तोंडात बोलू नकोस म्हणून मी बायकोला वर्षभर झापत होतो. मग पक्ष्यांतला फुलटोच्या गेला, चष्मेवाला गेला. पारवे, तितर, भारद्वाज, सगळे जाड आवाजाचे जागेवर होते. बारीक आवाजाचे तेवढे एकेक करून गेले. मला कळलं नाही असं नाही. पण पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या आणि ‘ग्वाल्हेरचा कान’ म्हणून मिरवलेल्या लक्ष्मीकांत सरांनी कानाच्या डॉक्टरपुढे जाऊन बसायचं? गळ्यात कॅमेरे घालून हिंडणाऱ्यांना मी जन्मभर आंधळे म्हणून हिणवलं होतं. त्यांनी मला सोडलं असतं का?

अशात पुष्कर आला. माझा जुना विद्यार्थी, आमच्या इथल्या मराठी घरांतलाच. अभ्यासात बरा, पक्ष्यांत ढ. त्यानं नई सडकेवर साड्यांच्या एका दुकानाच्या वर कंपनी काढली होती, नाव ‘श्रुतवन’. जंगलात झाडांना छोटे माइक बांधायचे. करवतीचा आवाज आला की वनखात्याच्या माणसाला फोनवर खबर जाणार. बाकी वेळ तेच माइक पक्षी ऐकणार, कुठल्या रानात कोण उरलंय आणि कोण संपत चाललंय ते टिपणार. ऐकणारा माणूस नाही, कॉम्प्युटर.

“पण मशीनला आधी कोणीतरी शिकवावं लागतं ना, सर,” पुष्कर म्हणाला. “तीन-तीन सेकंदांच्या क्लिप आहेत. तुम्ही ऐकायचं, नाव सांगायचं, बस. जसं तुम्ही ऐकाल तसंच ते ऐकेल. बाकी सब हम देख लेंगे.”

पहिलं मोठं काम होतं बेरखेड्याच्या डांगेचं. डांग म्हणजे आमच्याकडचं नाल्यांनी चिरलेलं काटेरी रान. खैर, करधई आणि मधे कमरेएवढं गवत. तीस वर्षांपूर्वी मला तिथं हिरवी मुनिया सापडली होती. चिमणीहून लहान, पोपटी अंगाची, लाल चोचीची; पिंजऱ्यात घालण्यासाठी पकडून पकडून लोकांनी संपवत आणलेली. माझं जे काही नाव आहे ते तिच्यामुळे. आता त्या डांगेवर एका दगडखाणवाल्याचा डोळा होता. परवानगीआधी रानात काय आहे ते तपासून घ्यावं लागतं, त्याचे पैसे खाणवालाच देतो; ते काम श्रुतवनला मिळालं होतं. मुनिया सापडली तर खाण होणार नव्हती. नाही सापडली तर डांग गेली.

चार वर्षांत मी तिथं एकही मुनिया ऐकली नव्हती, आणि का, ते मला पक्कं ठाऊक होतं. डोळ्यांनी शोधायला गेलो नाही. ते कॅमेरेवाल्यांचं काम. मशीनचे कान तरुण आहेत, ते ऐकेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्याला शिकवणारा मीच आहे, हे सोयीनं विसरलो.

कंपनीत गरिमा नावाची मुलगी होती, बिर्ला नगरची. पहिल्याच दिवशी ती हेडफोन घेऊन आली. “सर, एक छोटा सा हियरिंग टेस्ट है. जो भी क्लिप सुनता है, सबका लेते हैं.” मी चष्मा काढून तिच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात पुष्कर धावत आला. “सरांची टेस्ट? पागल है क्या?” टेस्ट राहिली.

क्लिपमधला आवाज पडद्यावर चित्रासारखा दिसायचा. जाड आवाज खाली, बारीक वर. एका दुपारी गरिमानं वर बोट ठेवलं. “सर, ये ऊपर की लाइनें देखिए, बार-बार आ रही हैं. कोई चिड़िया तो नहीं?” माझ्या कानात नुसता वारा आणि लांबवर एक तितर. मला ऐकू येत नाही, तूच सांग कसं वाजतंय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “कीड़ा है.”

“पर सर, कीड़ा ऐसे रुक-रुक के...”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “जितनी तुम्हारी उमर है, उससे ज़्यादा साल मैंने इस जंगल में निकाले हैं. लाइनें देखके पंछी पहचानोगी? हलवाई के यहाँ बैठो, रंग देखके मिठाई बताना.” सगळे हसले. मीही हसलो. तिनं मान खाली घालून वरच्या सगळ्या रेघांना ‘कीटक’ असं नाव दिलं, आणि मशीन शिकलं, की एवढ्या उंचीच्या वर जे काही येईल ते कीटक, ते पुसून टाकायचं. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. मला बरं वाटलं.

अहवाल आला. चौदा महिने, चाळीस माइक, हिरवी मुनिया शून्य.

खाणीच्या परवानगीच्या सुनावणीला आठ दिवस असताना विमलच्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. डांगेच्या तोंडाशी महादेवाचं देऊळ आहे, तिथं गेलो. पूजा आटोपून ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, “अहो, हे बारीक-बारीक चिर्रचिर्र काय लावलंय केव्हापासून? डोकं उठलं माझं.”

“कुठं?”

तिनं गवताकडे हात केला. काडीवर हिरव्या मुनियेचा नर बसला होता. लाल चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. नीट पाहिलं तर शेजारी आणखी पाच, पलीकडे आणखी नऊ. मोबाइलवर फोटो काढले, त्यांत नुसतं गवत आलं. कॅमेरा धरायला मी कधी शिकलोच नव्हतो. मग मला रडू कोसळलं. मी मोठ्यानं रडलो आणि तो आवाज मात्र मला स्वच्छ ऐकू आला.

तिथंच विमलला सगळं सांगितलं.

“मला पाच वर्षांपासून माहीत आहे,” ती म्हणाली. “एक तुम्हालाच वाटतं, कोणाला कळत नाही. सांगून टाका ना त्यांना. माझे कान गेलेत, शिकवणीच चुकली म्हणावं. एवढंच तर बोलायचंय.”

“सांगतो,” मी म्हणालो. खरंच सांगणार होतो.

सुनावणीला हॉल भरला होता. समितीचे अध्यक्ष दौलतसिंह भोपाळहून आले होते. पुष्करनं तक्ते दाखवले, आकडे दाखवले. दौलतसिंहांनी विचारलं, “मशीन को सिखाया किसने?”

“लक्ष्मीकांत सर ने. ग्वालियर में इनसे बड़ा कान नहीं है, साहब.”

लोक वळून माझ्याकडे पाहू लागले. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. तिथंच माझा घात झाला. मी उठलो, वाक्य तयार होतं, आणि तोंडातून निघालं, “मशीन गलत है. मुनिया वहाँ है. पिछले सोमवार मैंने खुद सुनी है.” पाहिली म्हणायलासुद्धा माझी जीभ वळली नाही.

पुष्कर जराही गडबडला नाही. “मग सर, एक क्लिप लावतो, ऐकून सांगता का? तुमच्याच पद्धतीनं.” मग दौलतसिंहांकडे वळून, “साहब, सर हमको आँखें बंद करवाके पूछते थे, कौन बोला.”

खरं होतं. सहलीला मी मुलांना बसमधून उतरवायचो, डोळे मिटायला लावायचो, आणि चुकेल त्याला दिवसभर परत बसमध्ये बसवायचो. पुष्करनं तीन सहली बसमध्ये काढल्या होत्या.

मी डोळे मिटले. हॉल शांत झाला. मी अंदाज बांधला: एवढ्या लोकांसमोर रिकामी क्लिप कोण लावेल? आणि खालच्या आवाजाचा पक्षी असता तर मला कळलाच असता. थोडा थांबलो, ऐकल्यासारखी मान तिरकी केली.

“हिरवी मुनिया,” मी म्हणालो. “नर.”

डोळे उघडले तर पुष्करचं बोट लॅपटॉपच्या वर तसंच अधांतरी होतं.

“मी अजून लावलंच नाही, सर.”

मग हॉल जो हसला! दौलतसिंहांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. “बैठिए, गुरुजी. लगाव है जंगल से, हम समझते हैं. आदमी जो चाहता है, वही उसे सुनाई देता है.”

अजूनही वेळ गेली नव्हती. लगाव नाही साहेब, बहिरा आहे. मी जे ऐकलं नाही ते या मशीननंही ऐकलेलं नाही. एवढं बोललो असतो तर डांग वाचली असती. विमलनं मागून सदरा ओढला. “अहो, सांगा.” मी खाली बसलो. तेव्हा तीच उभी राहिली. जन्मात कधी सभेत बोलली नव्हती.

“साहब, इनको सुनाई नहीं देता. कब से नहीं देता. इन्होंने मशीन को गलत सिखाया है. चिड़िया मैंने सुनी है.”

दौलतसिंहांनी माझ्याकडे पाहिलं. “क्यों गुरुजी?”

“घर की बात है, साहब,” मी हसत म्हणालो. “इनकी नहीं सुनता, इसलिए बहरा हूँ. कौवे और कोयल का फ़रक इनको आज तक नहीं पता.”

लोक पुन्हा हसले, या वेळी तिला. ती खाली बसली. पदर नीट केला आणि पुढे बघत राहिली. खाणीला अर्ध्या तासात मंजुरी मिळाली.

जिन्यात पुष्करनं गाठलं. तो वाकला, माझ्या उजव्या बाजूनं वळसा घालून डाव्या कानाशी आला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “सर, शिवपुरीकडच्या एका रानाचं काम आलंय. तुम्हीच पाहिजेत.”

डावा कान थोडा बरा आहे, हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गरिमाची टेस्ट त्यानं आदरापोटी थांबवली नव्हती. मी बहिरा म्हणूनच मला घेतलं होतं, आणि माझे कान चांगले आहेत असं जगात आता एवढा एकच माणूस म्हणणार होता.

विमल दोन पायऱ्या खाली उभी राहून माझ्याकडे बघत होती.

“कधीपासून यायचं?” मी पुष्करला विचारलं.