गावदेवीचं गोड पाणी

उलव्याच्या पलीकडे खाडीला टेकलेल्या त्या गावात गावदेवीच्या शिळेखालून पाणी यायला लागलं, आणि तेही गोड! मग गर्दीला काय तोटा? बाटल्या, कॅन, कळश्या घेऊन लोकांची रीघ लागली. मिठागरवाल्यांचं गाव ते. कुठेही खणा, पाणी मचूळ. जमिनी विकून घरं तीन मजली झाली, तरी प्यायला टँकरच. तिथे देवीनं झरा दिला होता.

श्रेय अर्थात अमृतानंद महाराजांचं. "गंगामैया रुसली होती, मी तिची समजूत घातली," असं ते माइकवरून सांगत. त्यांची गंगा भलतीच शिस्तीची. झांजा वाजल्या की यायची, आरती संपली की परत जायची.

शोभाबाई हे शाळेच्या खिडकीतून बघायच्या. शाळेच्या मागच्या उतारावरच ती शिळा. शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. गावची मुलं बसनं इंग्रजी शाळेत जात. बाईंकडे उरली होती कातकरवाडीची पोरं. गावातलं कुणी शाळेची पायरी चढत नसे. दिवसभरात बोलायला मोठं माणूस मिळायचं नाही, आणि ते बाईंना फार लागायचं.

शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळींतून मागच्या टाकीत साठवायची सोय बाईंनीच खटपट करून केली होती. पहिल्या सरींचं पाणी सोडून देतो, बाकीचं गाळून घेतो, हे सांगायला त्या घरोघर गेल्या. "छपराचं पानी? कावल्यांची घान ती," म्हणून गावानं नाक मुरडलं. त्या पाण्यावर वाडीतली पोरं उन्हाळाभर शाळेत टिकायची. टाकी आटली, की ती आयांमागून हंडे घेऊन फिरणार आणि शाळा सुटणार, हे ठरलेलं.

शिमग्याची सुट्टी संपली आणि चौथीतल्या सोनमनं टाकीत सोडलेली बादली खडखडत तळाला लागली. तळाशी जेमतेम वीतभर पाणी उरलं होतं. गळती शोधताना दिसलं, की टाकी धुवायच्या तोटीला नवा पाइप जोडलाय आणि तो मातीखालून उतारानं थेट देवीकडे गेलाय. त्या सरपंचांकडे धावल्या. देवाच्या कामात पडू नका, एकट्या बाईमाणूस आहात, असा सल्ला मिळाला. पाइप बघायला कुणी उठलं नाही.

संध्याकाळी बाईंनी तोटीची चावी काढून पर्समध्ये टाकली. आरती सुरू झाली. संपली. पुन्हा सुरू झाली. टाकीमागच्या झुडपात महाराजांचा चेला चावी चाचपत घामाघूम झाला, इकडे महाराजांचा घसा बसला.

"इथे कुणी पापी उभा आहे," महाराज शेवटी म्हणाले. "माता लाजली."

"ती मीच," बाई पुढे होऊन म्हणाल्या. "गंगा हवीये ना? थांबा, पाठवते."

त्यांनी टाकीपाशी जाऊन चावी लावली, फिरवली. शिळेखाली पाणी आलं. उलटी फिरवली, थांबलं. देवीची पूजा करणारी म्हातारी चंद्रावती वर चढून आली. तिनं टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं.

"ह्येच पानी हाय," ती म्हणाली. "आमी छपराचं पानी पितो."

महाराज केव्हाच गाडीत बसले होते. गाव मग पाइपवर तुटून पडलं. उपटू नका, तोटी तुटेल, असं बाई ओरडत होत्या. तोटी तुटलीच. उरलंसुरलं पाणी उतारावरून वाहून गेलं आणि माणसं बाईंची नजर चुकवत घरी गेली.

सकाळी चंद्रावती तीर्थाचा कॅन घेऊन शाळेत आली.

"पोरांचं हाय, पोरांना द्या. बाई, आमच्या छपराचं पानी बी आसंच लागंल?"

"असंच. पाऊस काही शाळेपुरता पडत नाही."

दुसरं कुणी आलं नाही. कॅन दुपारपर्यंत पुरला. दुसऱ्या दिवशी सोनम शाळेत आली नाही, मग वाडीतलं कुणीच आलं नाही. बाईंनी रिकाम्या वर्गात हजेरी घेतली.

देवीला खुशाल नमस्कार करावा. पण हात जोडण्याआधी एकदा उठून, पाणी कुठून येतंय ते बघावं. गावातला एक माणूस जरी वेळेवर उठला असता, तरी सोनम आज वर्गात असती.