हलकं मॉडेल

वजन

"मोठं चारशे ग्रॅम, छोटं पावणेतीनशे. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो मोबाइलमध्ये म्हणाला, आणि दुसऱ्या कानाला लावलेल्या ऑफिसच्या फोनमध्ये म्हणाला, "मॅडम, दार ढकलू नका. माणूस निघालाय. दहा मिनिटं."

"कोण मॅडम?"

"लिफ्टमध्ये अडकल्यात. तू बोल."

लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घेण्याच्या टेबलावर तो बसतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत 'निघालेला माणूस' तोच असायचा. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढायचं, ब्रेक सोडायचा, मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायचं आणि अडकलेल्या माणसांना इंचाइंचाने मजल्याला आणून टेकवायचं. आता तो पत्ता लिहून घेतो. परगावी राहणाऱ्या मुलीला त्याने सांगितलंय की हे प्रमोशन आहे.

मूत्रपिंडं गेली आहेत हे तिला माहीत आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस, हेही माहीत आहे. "चार तास करता काय?" असं तिने मागच्या महिन्यात विचारलं. "बसतो," तो म्हणाला. ते तिच्या जिवाला लागलं. म्हणून आता हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र. मॉडेलं दोन. दोन्हींची तुलना केलेलं एक पान तिने मोबाइलवर पाठवलं होतं आणि तो ते दिवसभर, पत्ते लिहिता लिहिता, वाचत होता.

पडदा

मोठ्याचा सात इंच, छोट्याचा साडेपाच. त्याला चष्मा आहे. पुढे.

हँडल

इथे तो थांबला.

मोठ्याची दोन्ही बाजूंची हँडलं सुटी होतात. पडदा टेबलावर उभा करायचा, एक हँडल मुठीत धरायचं; बरेचसे खेळ तेवढ्यावर खेळता येतात. छोट्याची हँडलं अंगालाच जोडलेली. दोन्ही हात लागतात.

डायलिसिसला त्याच्याकडे एकच हात असतो. डाव्या हाताच्या शिरेत दोन सुया, वरून चिकटपट्ट्या, आणि हात चार तास सरळ. कोपर जरा वाकलं की मशीन बोंबलतं. त्याच्या खुर्चीशेजारी दहा मिनिटं बसलेल्या कुणालाही हे कळलं असतं.

मुलगी बसली नव्हती. कारण "तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत" असं त्यानेच तिला सांगितलं होतं. सोडतात. शेजारच्या खुर्चीवरच्या मास्तरांची सून दर वेळी येते, शब्दकोडं मोठ्याने वाचते, आणि मास्तर मुद्दाम चुकीची उत्तरं देतात.

तो भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून फुगवलेली ती शीर आता अंगठ्याएवढी जाड झाली आहे, मनगटापासून कोपरापर्यंत वेडीवाकडी. हात लावला तर आत काहीतरी घरघरतं. त्या हाताने वजन उचलायचं नाही, चाक फिरवायचं नाही. सात वर्षांची असताना मुलगी शाळेत सांगायची, आमचे बाबा अख्खी लिफ्ट हाताने ओढतात. त्या मुलीला हा हात दाखवायचा नव्हता.

बॅटरी

छोट्याची जास्त टिकते. हे मान्य केलं पाहिजे.

कुणासाठी योग्य

"तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

"तू ठरव."

"असं कसं? खेळणार तुम्ही."

"मला काय लागेल ते तुला ठाऊक आहे."

परीक्षाच मांडली त्याने. पोरीला पत्ताही नव्हता की ती परीक्षेला बसली आहे. 'मोठं' एवढा एक शब्द त्याने उच्चारला असता तर काम झालं असतं. पण मग ती विचारणार, मोठंच का? आणि न सांगता तिला कळावं, हा हट्ट तर होताच. काहीही न दाखवता ओळखलं जावं, असा.

तिने दोन दिवस घेतले. दुकानात जाऊन दोन्ही यंत्रं हातात धरून पाहिली. उभ्या उभ्या अर्धा तास धरून पाहिली, असं नंतर जावयाने सांगितलं. दुकानदार वैतागला होता.

"छोटं घेतलं," ती फोनवर म्हणाली. "स्वस्त म्हणून नाही हं. हलकं आहे. चार तास धरायचं म्हणजे तुमचे हात भरून येतील, मला तीच काळजी."

"बरं केलंस."

"नक्की ना?"

"अगं, नक्की."

वापर

पडद्यावर एक कोल्हा होता. डाव्या अंगठ्याने त्याला चालवायचं, उजव्याने उडी. उजवाच मोकळा असल्यामुळे कोल्हा जागच्या जागी उड्या मारत राहिला.

मास्तर मान वळवून बघत होते. आयुष्यभर शाळेत कवायत घेतलेला माणूस. "काय हो," ते म्हणाले, "कोल्ह्याला कसली शिक्षा दिलीय?"

"गृहपाठ केला नाही त्याने."

"मग चालू द्या."

एकदा त्याने डावा हात हळूच जवळ आणला. मशीन किंचाळलं. सिस्टर धावत आल्या.

"काका, कोल्ह्यापायी रक्त सांडायचंय का? हात सरळ." मग यंत्र उलटसुलट करून पाहत, "हे दोन हातांचं आहे हो. लेकीला सांगा, आठ दिवसांत बदलून देतात."

"सांगितलं तर तिचं चुकलं असं होईल."

"मग चुकलं कुणाचं?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांच्या सुनेने कोड्यातलं पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

आठ दिवस गेले.

प्रगती

"कितव्या पायरीवर आहात?"

"दुसऱ्या."

"अरे वा. मला वाटलं नव्हतं तुम्ही खेळाल."

तिच्या आवाजात एवढा आनंद होता की पुढच्या वेळी तिसरी सांगणं भाग पडलं. अगदीच खोटं बोलवत नव्हतं, म्हणून त्याने सिस्टरना खेळायची गळ घातली. त्या जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, मध्येच चमचा तोंडात धरून दोन्ही हातांनी खेळायच्या आणि जाताना निरोप द्यायच्या: "काका, पाचवी झाली. कळवा." तो कळवायचा. सहावीचा राक्षस कसा मारला हेही त्यांनी त्याला शिकवून ठेवलं होतं, विचारलंच तर असावं म्हणून. तिने विचारलं. त्याने सांगितलं. फोनवर बापलेक इतका वेळ कधीच बोलले नव्हते.

सातवी पायरी एका मंगळवारी पार झाली.

खेळाडू

मुलगी येऊन सोफ्यावर शेजारी बसली तेव्हा प्रवासाची बॅग अजून दारातच होती.

"दाखवा बघू. आठवीवर आहात ना?"

घरी दोन्ही हात मोकळे होते. बाह्यांची बटणं लावलेली होती. त्याने यंत्र धरलं. डावा अंगठा कुठे ठेवायचा, ते त्याला कळेना. कोल्हा दोन पावलं चालला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. परत सुरू केलं. परत पडला. ती हसली.

तिसऱ्यांदा पडला तेव्हा हसली नाही.

"बाबा, उडीचं बटण कुठलं?"

त्याने चुकीचं दाबलं.

सिस्टर खेळायच्या, एवढंच सांगायचं होतं. मग ती म्हणणार, का? मग डायलिसिस, सुया, हात. मग ती म्हणणार, दाखवा. हे सगळं त्याला, पत्ता लिहून घेतल्यासारखं, क्रमाने दिसलं.

"विसरलो बहुतेक," तो म्हणाला.

तिने विचारलं, "अलीकडे आणखी काही विसरता का?"

"अधूनमधून."

ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला नाही. तिचा दबका आवाज आला, नवऱ्याशी बोलत होती: "नाही रे, गेल्या आठवड्यात मला सगळं नीट सांगत होते. आज साधं बटण आठवत नाहीये. ऑफिसमध्ये कसं चालवून घेतात कोण जाणे. बोलायला हवं कुणाशी तरी तिथे."

तो बसून राहिला. अजूनही उठून आत जाता आलं असतं. ती बाहेर आली, डोळे पुसलेले होते, आणि त्याच्या अगदी लगत बसली. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तिने आपल्या दोन बोटांत धरला, उचलला आणि बटणावर नेऊन ठेवला.

"हे. उडी," ती मोठ्याने म्हणाली. एकेक शब्द सुटा करून. "घाई नाही. दाबा."

त्याने दाबलं.

"शाब्बास," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.