तुटक्या पात्याचा पंखा

सलग नऊ वर्षं दुसरा येणं हे काही खायचं काम नाही. शेवटी येणाऱ्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे तो सुखात असतो. पण दरवर्षी अर्ध्या-पाऊण होडीच्या अंतरानं हरायचं आणि तेही बायकोच्या सख्ख्या भावाकडून, याला छाती लागते. मासेमारी होड्यांच्या शर्यतीत हे नऊ वर्षं करून दाखवणाऱ्या गृहस्थांना अख्खं बंदर ‘उपविजेते’ म्हणायचं. मागे नाही, तोंडावर. बर्फाच्या कारखान्यातला बर्फवाला स्वतःही शर्यतीत होडी उतरवायचा, पण त्यांना दुरून बघितलं की आत ओरडायचा, “उपविजेत्यांची लादी काढा.” आणि हे निमूटपणे लादी उचलायचे.

लिलावाच्या शेडमध्ये विजेत्यांचा फळा होता. त्यावर पहिल्या तीन वर्षांपुढे मेव्हण्याचं नाव रंगवलेलं होतं. चौथ्या वर्षापासून रंगाऱ्यानं कंटाळून नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहायला सुरुवात केली. सहा वेळा वरीलप्रमाणे. रोज सकाळी टोपल्या उतरवताना उपविजेत्यांच्या डोळ्यांसमोर तो फळा असायचा. दुसऱ्या नंबराला त्यावर जागाच नव्हती.

बरं, मेव्हण्याला शिव्या घालाव्यात म्हटलं, तर मुद्दा सापडत नव्हता. खरी पंचाईत तीच होती. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. पाण्याच्या रंगावरून खाली वाळू आहे, खडक आहे की गवत, ते सांगायचा आणि उतरून बघावं तर तसंच असायचं. जाळ्यात बोटभर पिल्लं आली तर होडीतच उकिडवा बसून एकेक परत सोडायचा. घाईत असला तरी सोडायचा. गेल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी उपविजेत्यांच्या इंजिनाचा पाण्यातला पंखा ऐनवेळी निकामी झाला, तेव्हा त्यानंच आपला जुना पंखा गोणपाटात गुंडाळून बहिणीच्या हाती पाठवला होता. वर निरोप होता, “एका पात्याचं टोक खडकावर तुटलंय, पण दाजींचं उद्याचं काम भागेल.” शर्यतीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला पंखा देणारा माणूस तुम्ही कुठे बघितलाय का? उपविजेत्यांनी तो बसवला, पुन्हा दुसरे आले, पंखा धुऊन परत केला. त्यांच्या समजुतीप्रमाणे विषय तिथे संपला होता.

संपला नव्हता, हे तीन महिन्यांनी कळलं.

टेपबाई आल्या. या समुद्रातल्या जनावरांच्या खात्याच्या बाई. गळ्यात शिट्टी घालावी तशी कायम मोजपट्टी अडकवलेली, म्हणून टेपबाई. कासवाची पाठ मोज, जाळ्याचं भोक मोज, समुद्रगाय दिसली की तिची लांबी अंदाजानं मोज. त्यांनी लिलावाच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवलं आणि मासे पसरायच्या ओट्यावर एक मोठा पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरला. कागदावर लाल रंगात सात तिरक्या रेघा होत्या.

“समुद्रगायीचं पिल्लू आहे,” बाई म्हणाल्या. “गवताच्या पट्ट्यात आईबरोबर चरतं. त्याच्या पाठीवरचे हे घाव मी छापून घेतलेत. पिल्लू जगलंय, पण कसं जगलं ते मला विचारू नका. हे शर्यतीच्या दिवशी झालं. यावर तुमच्याकडे उपाय नसेल तर शर्यत बंद. आणि त्या पट्ट्याच्या आसपासची मासेमारीही बंद.” त्यांनी पिशवीतून बंदीचा कागद काढून शेजारी ठेवला. त्यावर फक्त सही व्हायची बाकी होती.

शर्यतीची वाट अशी, की जेट्टीवरून निघायचं, दिव्याच्या खडकाला वळसा घालायचा आणि परत यायचं. परतताना खोल पाण्यातून लांबचा रस्ता आहे आणि गवताच्या पट्ट्यावरून जवळचा. भरतीला तिथे कमरेच्या थोडं वर पाणी असतं. इंजिन जरा वर उचललं की सुसाट जाता येतं. सगळे तिथूनच जायचे. आता मात्र जो तो कानावर हात ठेवायला लागला. बर्फवाला म्हणाला, घाव बाहेरच्या बोटीचेही असू शकतात.

उपविजेत्यांची नजर कागदावर खिळली होती. दोन खोल रेघा, एक उथळ. दोन खोल, एक उथळ. मग आणखी एक खोल. तीन पात्यांचा पंखा आणि त्यातलं एक पातं तोकडं. शर्यतीत गवतावरून जाताना होडीला खालून एक मऊ दणका बसला होता. ‘ओंडका असेल,’ असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. मागे वळून बघितलं तेव्हा पाणी गढूळ लाल दिसलं होतं. पण पुढे अर्ध्या होडीवर मेव्हणा होता, आणि ते थांबले नव्हते.

“हा पंखा माझा,” मेव्हणा उठून म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. त्याचं पातं खडकावर तुटल्याचं बंदरात सर्वांना ठाऊक होतं.

“घाव ओळखीचे आहेत. दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही,” तो इतक्या शांतपणे बोलत होता, जणू वाऱ्याची दिशा सांगतोय. “आणि गवतावरून जायची वाटही आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा मीच काढली. बाई, शर्यत बंद करू नका, आम्हीच नियम करतो. गवताच्या पट्ट्यात इंजिन पूर्ण वर उचलायचं, पंखा पाण्याबाहेर दिसला पाहिजे. तेवढं अंतर वल्ही मारायची. जनावर ज्याच्या वाटेत येईल त्यानं थांबायचं, बाकीच्यांनी लांबून जायचं. पिल्लांच्या महिन्यांत पट्ट्याच्या कडेला कुणी जाळं लावायचं नाही. तसंही आपल्याला जी मासळी मिळते, ती लहानपणी त्याच गवतात लपून वाढते. ते उपटून आपण काय खाणार आहोत? आणि ज्याच्या पंख्यानं जनावर कापलं जाईल, त्यानं पुढच्या शर्यतीत उतरायचं नाही. हा नियम आजच लिहा आणि पहिला मला लावा.”

नऊ वर्षांचा विजेता स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर काढत होता. त्यानंतर कुणाची बिशाद होती कुरकुर करायची? दहा मिनिटांत नियम लिहून झाले. टेपबाईंनी बंदीचा कागद परत पिशवीत घातला. “एक वर्ष बघते,” म्हणाल्या.

उपविजेते घरी आले. बायकोनं चहा पुढे ठेवला आणि समोर बसली. तिला सगळी बातमी आधीच पोचली होती.

“गोणपाट मीच आणलं होतं,” ती म्हणाली. बस्स, एवढंच. मग कप उचलून आत गेली. नवऱ्याला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते तडक मेव्हण्याच्या घरी गेले. तो ओसरीवर जाळं विणत होता.

“दादा, असं का केलंत?”

“बसा दाजी. पंखा माझाच होता की. मी खोटं काय बोललो?”

“होडी माझी होती.”

“हो. आणि मी तिथे होडी कुणाची ते सांगितलं असतं, तर सगळे दोन महिने आपल्या दोघांवरच बोलत बसले असते. तोवर बाईंनी सही केली असती. मला नियम हवा होता, तो मिळाला.” त्यानं गाठ आवळली, दातानं दोरा तोडला. “तुम्हाला दणका कळला होता का?”

उपविजेत्यांनी खाली मान घातली. “कळला होता.”

“मग आता दर वेळी कळेल. यंदा जिंका, दाजी. वल्हं मारण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात जास्त लागलं. कारण ते खरं होतं. इंजिनाचा कान मेव्हण्याला होता, पण खांदे उपविजेत्यांचे होते. नव्या नियमानं विजयच ताटात वाढून ठेवला होता, आणि तो वाढणारा स्वतः उपाशी बसला होता.

शर्यतीचा दिवस उजाडला. गवताच्या पट्ट्याच्या मधोमध छोट्या होडीत लाल निशाण घेऊन मेव्हणा उभा होता. वाटेत जनावर आलं तर निशाण वर करायचं, हे काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं होतं. उपविजेते दिव्याच्या खडकाला तिसरे वळले. पट्ट्यापाशी आले, इंजिन उचललं, पंखा बाहेर काढला आणि वल्ही हाती घेतली. मग काय विचारता. बर्फवाल्याची होडी त्यांनी अशी मागे टाकली, की तो तोंडातली शिवी पूर्ण करेपर्यंत हे पुढे निघून गेले होते.

मेव्हण्याजवळून जाताना त्यांना ते दिसलं. बऱ्याच अंतरावर, स्वच्छ पाण्यात, आईच्या कुशीला लागून पिल्लू गवत खात होतं. पाठीवर पांढरे वण. दोन रुंद, एक बारीक. मेव्हण्यानं निशाण खालीच ठेवलं होतं, वाट मोकळी होती. त्यानं हातानंच ‘जा, जा’ अशी खूण केली. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. उपविजेते गेले आणि पहिले आले. दहाव्या वर्षी, पूर्ण दोन होड्यांच्या फरकानं.

जेट्टीवर टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. टेपबाईंच्या हस्ते लाकडी ढाल. रंगारी डबा-ब्रश घेऊनच आला होता. नवं नाव लिहायला मिळणार म्हणून तोही खुशीत होता. कुणीतरी माइक उपविजेत्यांच्या हातात दिला.

नऊ वर्षं त्यांनी मनातल्या मनात भाषण घोकलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

“गेल्या शर्यतीत तो पंखा माझ्या होडीला होता,” ते म्हणाले. “दादांनी मला एका दिवसापुरता दिला होता. होडी मी चालवत होतो. दणका बसला, मागे रक्त दिसलं आणि मी थांबलो नाही. नियम माझ्यासाठी आहे. ही ढाल दुसऱ्या आलेल्याची.” त्यांनी ढाल बर्फवाल्याच्या हातात दिली आणि उतरले. बर्फवाला ढाल अशी धरून उभा राहिला, जशी कुणी दुसऱ्याचं मूल हातात दिलंय.

मेव्हणा गर्दीतून वाट काढत आला. पहिल्यांदाच तो रागावलेला दिसत होता. “दाजी, मी मिटवलं होतं ना?”

“तुम्ही मिटवलंत, दादा. माझं मिटलं नव्हतं.”

मेव्हण्यानं त्यांचा दंड धरला आणि गर्दी पांगेपर्यंत सोडला नाही.

बायको जेट्टीच्या टोकाला उभी होती. डोळे पुसून झाले होते, पण पुसल्याचं कळत होतं. “चला घरी,” ती म्हणाली. “ढालीसाठी सकाळीच भिंतीला खिळा ठोकलाय मी. आता त्याला तुमची टोपी अडकवू.”

पुढच्या वर्षी लाल निशाण उपविजेत्यांच्या हाती आलं. होडीत उभं राहून पाय भरून येतात, ऊन डोक्यावर असतं आणि सगळी मजा दुसरीकडे चाललेली दिसते, हे त्यांना तेव्हा समजलं. मेव्हण्यानं हे एक वर्ष हसत केलं होतं.

खडकाला पहिला मेव्हणाच वळला. मागे बर्फवाला. मेव्हण्यानं पट्ट्यापाशी इंजिन उचललं. वर्षभर पहाटे वल्ही मारून त्यानंही खांदे कमावले होते. फळ्यावर पुन्हा वरीलप्रमाणे येणार, यात शंका नव्हती. तेवढ्यात त्याच्या होडीपुढे, वीसेक हातांवर, पाण्याखाली एक सावली हलली. आता ते पिल्लू म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं.

उपविजेत्यांचा हात एक क्षणही थबकला नाही. निशाण वर गेलं.

मेव्हण्यानं वल्ही उचलून आडवी धरली. होडी सरकत सरकत थांबली. लांबून बर्फवाला पुढे निघून गेला, पण मेव्हण्यानं तिकडे बघितलंही नाही. दोन होड्यांच्या मधे ते जनावर वर आलं, नाकपुड्या उघडून फुस्सकन श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं. पाठीवरचे सातही वण दोघांनी बघितले.

“केवढं झालं हो, दाजी,” मेव्हणा हळूच म्हणाला.

“गवत खातंय ना पोटभर,” उपविजेते म्हणाले. सावली पार दूर जाईपर्यंत त्यांनी निशाण खाली केलं नाही.

मेव्हणा दुसरा आला. संध्याकाळी दोघं मिळून बर्फ आणायला कारखान्यात गेले. बर्फवाला दारातच ढाल पुसत बसला होता. त्यानं दोघांकडे बघितलं आणि आत वळून हाक दिली, “उपविजेत्यांची लादी काढा.”

लादी उचलायला दोघंही एकदमच पुढे झाले.