भिंतीपलीकडचं लिंबू

“पानी पाजानं, माय, पन सांगानं नही.”

सोनगीरच्या विहिरीवर आई असं म्हणायची. हमरस्त्यावरून गाडीवाले यायचे, ट्रकवाले यायचे, ओंजळ धरून वाकायचे. आई वरून कळशीची धार सोडायची. आज किती जणांना पाणी पाजलं ते सांगायला लहानगी शेवंता घरी पळत सुटायची, तर आई तिला वाटेतच धरायची. सांगितलेलं पाणी खारं होतं, म्हणायची. आणि पहाटे जात्यावर गायची :

वाटसरू उना दारे, पानी पेस ओंजयभर
नाव-गाव पुशे ना माय, पाजस ती मनभर

शेवंताबाईंना आता साठी उलटली. सोनगीर सुटून, जळगावात पिंप्राळ्याला राहायला येऊनही किती वर्षं झाली. जातं गेलं, दारात नळ आला. पण त्या नळाची तोटी सोडली की आधी आईचा आवाज यायचा आणि मग पाणी.

अलीकडे तर पाणी यायचंच नाही. लोखंडी पाइप आतून गंजून बसला होता. एक दिवसाआड नळ यायचा, तोही करदोड्याएवढ्या धारेनं आणि लालसर. सून प्रमिला भात चुलीवरून उतरवायची तो आधीच केशरी. “आत्याबाई, केशराचा खर्च वाचला बघा,” म्हणून हसायची, पण धुतलेलं पांढरं लुगडं दोरीवर टाकताना तिचं तोंड उतरायचं.

शेवटी लीलाधरनं मनावर घेतलं. शेवंताबाईंचा हा मुलगा एस.टी.त कंडक्टर. “अखाजीच्या सणाला आपली यशोदा माहेरी येईल, त्याच्या आत सगळी लाइन बदलतो. पीव्हीसी टाकू. गंजायचं नाव नाही.”

घरात सगळे खूश झाले. शेवंताबाईही झाल्या. पण त्या रात्री त्यांना झोप लागेना.

कारण कंपाउंडच्या भिंतीजवळ पाइपाचा एक सांधा गळत होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं. नवरा होता तेव्हापासून ठाऊक होतं. भर वैशाखातही तिथली माती ओली असायची, आणि भिंतीपलीकडे बेबाबाईंचं लिंबू बारमाही हिरवं. बहराची पहिली टोपली बेबाबाई दरवर्षी शेवंताबाईंच्या घरी धाडायच्या.

बेबाबाई मूळच्या पारोळ्याच्या. त्यांना मूलबाळ नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, कडुनिंबाला झोके बांधून गाणी म्हणून दमल्या, की सगळ्याजणी बेबाबाईंच्या ओट्यावर जायच्या. तिथं लिंबाचं सरबत ठरलेलं. त्या एका दिवशी बेबाबाई साऱ्या गल्लीची आई व्हायच्या. सरबताचं कौतुक झालं की हात पुढे करून म्हणायच्या, “हात लागस व एकेकना!” झाड बहरतं ते आपल्या हातगुणानं, हा त्यांचा अभिमान.

आता सांधा गेला की लिंबाचं पाणी गेलं. आणि बेबाबाईंना जाऊन सांगावं, बाई, झाडाला पाणी घाल, आजवर माझं पीत होतं? मग त्या हाताचं काय राहिलं?

रूपचंद प्लंबर आला. पहारीनं चर खोदत खोदत भिंतीपाशी पोचला आणि ओरडला, “लीलाधरभाऊ, या, चोर सापडी गया!”

भिंतीखालून लिंबाच्या मुळ्या अलीकडे आल्या होत्या. तान्ह्या पोरानं आईचं बोट धरावं तशा त्या गळक्या सांध्याला धरून बसल्या होत्या.

लीलाधरनं कपाळावर हात मारला. “म्हणजे इतकी वर्षं हे झाड बिनतिकिटाचं प्रवास करत होतं!”

रूपचंदनं मुळ्या तोडायला पहार उचलली.

“ए रूपचंद! मुयीले हात लावू नको,” शेवंताबाई तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवून उठल्याच. “पाइप काढ. हलक्या हाते काढ.”

“आई, तुला हे माहीत होतं?”

“जुनं घर म्हटलं की काही ना काही गळस, बाबा,” त्या म्हणाल्या आणि चराकडेच बघत राहिल्या.

तेवढ्यात भिंतीवर बेबाबाईंचं डोकं आलं. दगडावर उभं राहून डोकावायची त्यांची जुनी सवय.

“काय व शेवंताक्का, धन निंघनं का?”

शेवंताबाईंनी हाताशी आलेलं गोणपाट चरावर फेकलं. “कशाना धन! गंज शे सारा.”

“बेबाअक्का, खाले तुमना...” रूपचंदनं तोंड उघडलं.

“चहा घे रूपचंद,” शेवंताबाईंनी कप त्याच्या हातात कोंबला. “गरम शे तवच पे.”

त्याचं तोंड भाजलं आणि गोष्ट तिथंच राहिली. बेबाबाई गोणपाटाकडे जरा बघत राहिल्या, मग खाली उतरल्या.

संध्याकाळी शेवंताबाईंनी लेकाला हळूच सांगितलं, “भिंतीजवय एक तोटी ठेव माले.”

“तिथं कशाला?”

“तुयशीले पानी घालाले.”

“तुळस तर दारात आहे!”

“आखो एक लावसू.”

लीलाधर तिच्याकडे बघून हसला. तोटी बसली.

नव्या पाइपाला पहिलं पाणी आलं ते सकाळी. करड्या पाइपातून फुस्स करून हवा निघाली आणि मग हंड्यात अशी धार पडली, की प्रमिला दचकून मागे सरली आणि हसत सुटली. काचेच्या पेल्यात पाणी धरून तिनं उन्हात बघितलं. पेला रिकामा वाटावा इतकं नितळ.

सगळे तिकडे दंग असताना शेवंताबाई भिंतीजवळच्या तोटीला रबरी नळी लावत होत्या. भिंतीला पावसाचं पाणी जायला एक मोरी होती. नळी तिच्यात सरकवावी म्हणून त्या वाकल्या, आणि तशाच थांबल्या.

पलीकडे लिंबाभोवती आळं केलेलं होतं. माती ताजी उकरलेली. आळ्यापासून एक छोटा पाट निघून थेट या मोरीपर्यंत आला होता. पाणी कुठून यायचं, ते कुणाला तरी आधीच माहीत होतं.

“सोड ना पानी,” भिंतीपलीकडून आवाज आला. बेबाबाई आज दगडावर चढल्या नव्हत्या. झाडाच्या बुडाशीच बसल्या होत्या.

शेवंताबाईंनी तोटी सोडली. पाणी मोरीतून पाटात गेलं, वळलं, आळ्यात फिरलं. दोघी दोन बाजूंनी ते ऐकत राहिल्या.

“बेबा,” शेवंताबाई म्हणाल्या, “हात तुनाच शे व.”

“राहू दे,” बेबाबाई म्हणाल्या. आवाज ओला होता, पण त्यात हसूही होतं. “पहिला वरीसपासून माले ठाऊक शे, अक्का. तुनाच पानीवर वाढनं हाई झाड. नही ते दर साल पहिली टोपली देवना आगोदर तुना घर कशाले धाडती मी?”