टाकीच्या उताराचा पाला

"तिन्ही उचला," वहिनी म्हणाल्या. "एकही ठेवू नका. मुळं राहिली तर पुन्हा फुटेल मेली."

सदाफुलीच्या तिन्ही कुंड्या मी एकेक करून फाटकाबाहेर कचऱ्याच्या पिंपाशी नेऊन ठेवल्या. फुलांनी नुसत्या लगडल्या होत्या. बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. ज्याने केलं होतं तोच त्यांना उचलून नेत होता, आणि वर हात झटकून "झालं वहिनी" असंही म्हणत होता.

दोन दिवसांपूर्वी थोरली गेली होती. थोरली म्हणजे वहिनींच्या दोन कासवांपैकी मोठी. दुसरा धाकटा. वहिनींची ठाम समजूत होती, की सोमवारी जास्वंदीच्या पाकळ्या घालताना आपल्या हातून सदाफुलीचं फूल थोरलीपुढे पडलं आणि त्यानेच ती गेली. सदाफुली कासवाला विषारीच. ही समजूत मी खोडून काढू शकत होतो. चार शब्दांचं काम होतं. पण ते चार शब्द घशाशी आले की मी त्यांना पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत होतो.

मी पाण्याच्या मीटरचे आकडे टिपणारा माणूस. एकतीस वर्षं तेच काम. झाकण उचला, वाका, आकडा वाचा, झाकण लावा. कुत्रं अंगावर आलं, झाकण गंजून अडकलं किंवा नुसताच कंटाळा आला, तर 'दार बंद' लिहायचं आणि मागच्या महिन्यावरून अंदाजे आकडा टाकायचा. सगळेच करतात, मी जरा जास्त करायचो. म्हणून कचेरीत माझं नाव 'दारबंद' पडलं. "काय दारबंद, आज किती दारं उघडली?" असं साहेबसुद्धा विचारायचे. मीही हसायचो. चार बादल्या इकडच्या तिकडे झाल्या म्हणून कुणी मरत नाही.

माझा दादा नेमका उलट्या टोकाचा. औषधाच्या दुकानात जन्मभर पुड्या बांधल्या, पण कणभर पूड कधी जास्त गेली नाही की कमी पडली नाही. गाव सोडून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ही दोन कासवं खोक्यात घालून "आठ दिवस सांभाळा" म्हणून त्याच्याकडे ठेवली. त्याला बावीस वर्षं झाली. ते आठ दिवस अजून भरायचे आहेत.

दादाने त्या दोघांच्या खाण्याचा असा काही अभ्यास केला, की तेवढा मी शाळेत केला असता तर आज साहेब झालो असतो. रविवारी मला ओढत माळावर न्यायचा. "ही घोळ. ही चालते. हा केना. ही पाथरी, हिला चीक असतो, पण गुणाची आहे. चीक दिसला म्हणून सगळेच वाईट नसतात, पण ओळख पटल्याशिवाय चीकवाल्याला घरात घ्यायचं नाही. आणि ती टणटणी बघ, फुलं किती गोड दिसतात! त्या फुलांना भुलू नकोस. कण्हेर, रुई, धोत्रा यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही." आणि शेवटी हटकून म्हणायचा, "पाला कुठला, हे पाला कोणता याच्याइतकंच महत्त्वाचं. रस्त्याकडेचा नको, कुणाच्या बागेतला नको, औषध मारलेल्या जागेचा तर मुळीच नको. चांगली घोळसुद्धा वाईट जागेवर विष होते."

दादा जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर वहिनींची नजर अधू झाली. सगळी गेली नाही, मधली गेली. समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या बाजूचं दार दिसतं. कुणाकडे बघायचं असेल तर त्या मान किंचित वळवून डोळ्याच्या कडेने बघतात. पडदे शिवून त्या पोट भरतात. ते काम बोटांवर चालू राहिलं, कारण चाळीस वर्षांत बोटं पाठ झालेली. पण पानापानातला फरक बोटांना कसा कळणार? तेव्हा पाला आणायचं माझ्याकडे आलं. माझ्या मागे ना बायको ना पोर, काम जन्मभर पायी हिंडण्याचं, म्हणजे माझ्याइतका लायक माणूस शोधूनही सापडला नसता.

जागाही नामी होती. गावाच्या पिण्याच्या पाण्याची टाकी टेकाडावर आहे. भोवती तारेचं कुंपण, कुलूप, आणि किल्ली आम्हा खात्याच्या लोकांकडे. पिण्याचं पाणी असल्यामुळे त्या उतारावर कसलंही औषध मारायला बंदी. नव्वद पायऱ्या चढून गेलं की हवा तेवढा स्वच्छ पाला. मी दारात आलो की वहिनी रोज एकच विचारायच्या, "कुठला?" मी म्हणायचो, "टाकीच्या उताराचा." की झालं. त्या पिशवी घ्यायच्या, तीन पाण्यांतून पाला धुवायच्या आणि परसातल्या दोघांपुढे ठेवायच्या.

त्या सोमवारी माझी टाच ठणकत होती. ऊन मी म्हणत होतं. नव्वद पायऱ्यांच्या नुसत्या विचाराने जीव नको झाला. आणि लाँड्रीच्या मागच्या गल्लीत एका मीटरच्या झाकणाभोवती घोळ अशी माजली होती, की झाकण शोधायला काठी लागली. लालसर देठ, जाड रसरशीत पानं. शेजारी पाथरीही. मी खाली बसलो आणि पिशवी भरली.

आता हे सांगायलाच हवं. दोन महिन्यांपूर्वी मीच कचेरीत अर्ज दिला होता, की झाकणं तणाखाली जातात, सापडत नाहीत, तरी भोवती तणनाशक मारावं. एकतीस वर्षांत साहेबांनी माझं पहिल्यांदाच ऐकलं. फवारणीची टोळी आदल्याच आठवड्यात निघाली होती, पण उत्तरेकडून. लाँड्रीच्या गल्लीपर्यंत ती गुरुवारच्या आत काही पोचत नाही, असा मी अंदाज केला. एक फोन केला असता तर कळलं असतं. फोन खिशातच होता.

"कुठला?" वहिनींनी विचारलं.

"टाकीच्या उताराचा," मी म्हटलं.

थोरली खादाड. तिने मान लांब करून सगळा पाला फस्त केला. धाकटा तोऱ्याचा, त्याला आधी फुलं लागतात. तो जास्वंद खाऊन फिरायला निघून गेला, म्हणून वाचला.

मंगळवारी थोरलीने मान आत घेतली नाही. बुधवारी सकाळी फेरीवर मी मुद्दाम लाँड्रीच्या गल्लीत गेलो. झाकणाभोवती हातभर अंतरापर्यंत सगळं पिवळं पडून जमिनीला चिकटलं होतं. पलीकडचं गवत हिरवंगार. टोळी शनिवारीच येऊन गेली होती. तिथे मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. लाँड्रीवाला म्हणाला, "काय हो, मीटर चोरीला गेलं काय?"

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही थोरलीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तिची मान बोटावर तोलून बघितली आणि सरळ विचारलं, "काहीतरी विषारी पोटात गेलंय. पाला कुठला घालता?"

वहिनींनी माझ्या दिशेने मान वळवली. मी तोंड उघडलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने त्यातून जे यायचं तेच आलं. "टाकीच्या उताराचा. नेहमीचाच."

"मग घरात कुठली फुलझाडं?"

"सदाफुली आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या हातून पडलं असेल हो. मला कुठे दिसतंय!"

"एखाद्या फुलाने एवढं व्हायला नको," डॉक्टर म्हणाल्या, "पण नक्की सांगता येत नाही."

त्या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी चार दिवस लपून बसलो. डॉक्टरांनी एक सुई दिली, कोमट पाण्यात ठेवायला सांगितलं. तणनाशकाचं बोललो असतो तर दुसरं काही दिलं असतं का, हे विचारायची हिंमत मला आजही नाही. गुरुवारी दुपारी थोरली गेली. परसात खड्डा मीच खणला, चांगला खोल खणला. शेजारीपाजारी म्हणाले, दीर असावा तर असा.

शनिवारी कुंड्या गेल्या. मग वहिनींनी पडद्यांचं आलेलं काम परत पाठवलं. "आंधळ्या बाईने कात्री चालवू नये," म्हणाल्या. आणि मी निघताना, उंबऱ्यात उभ्या राहून, साधंच काहीतरी सांगावं तसं बोलल्या, "उद्या दहाला बालवाडीच्या बाई येणार आहेत. धाकट्याला घेऊन जातील. त्यांच्याकडे बाग आहे, दिसणारी माणसं आहेत."

रविवारी मी साडेनवालाच जाऊन बसलो. बाई येण्याआधी सांगून टाकायचं, असं रस्ताभर ठरवत गेलो होतो. वहिनींनी चहा दिला. मी चहा प्यायलो. दुसरा दिला, तोही प्यायलो. दहाला बाई फळांचं रिकामं खोकं घेऊन आल्या. तळाशी मऊ फडकं अंथरलेलं. बाई मायाळू होत्या, धाकटा चांगल्या घरी पडत होता, असंही मी मनाला समजावून बघितलं.

वहिनी धाकट्याला मांडीवर घेऊन बसल्या आणि दादाचा सगळा पाठ म्हणून दाखवू लागल्या. घोळ चालते, केना चालतो, टणटणी नको. बाई माना डोलवत होत्या.

"तुम्हाला दिसतं ना चांगलं?" वहिनींनी मधेच विचारलं.

"चष्म्याने दिसतं."

"मग झालं. प्रत्येक पान बघून घाला. माझ्यासारखं नका करू." त्यांनी धाकट्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "मी एकीला मारली हो. बावीस वर्षं सांभाळली आणि मारली."

"वहिनींनी नाही मारलं," मी म्हटलं. "मी मारलं."

बाईंच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. मी सांगत गेलो. लाँड्रीची गल्ली, अर्ज, टोळी, टाच, सगळं. टाचेचं सांगताना माझी मलाच लाज वाटली. सांगून झाल्यावर बाई उठल्या. "मी... मी नंतर बघते," म्हणाल्या, आणि रिकामं खोकं छातीशी धरून निघून गेल्या.

"सोमवारी मी विचारलं होतं, कुठला म्हणून," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही टाकीचा म्हणालात."

"हो."

"बरं, कंटाळा केलात. माणूस करतो. पण डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

खात्री नव्हती, अंदाज होता, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"ठाऊक होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून डोळ्याच्या कडेने मला बघितलं.

"ती टेबलावर मान टाकून पडली होती," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. चार दिवस मी या डोळ्यांना शिव्या घालतेय, भावोजी. परवा सुई हातात धरवली नाही मला. आणि तुम्ही काय केलंत? माझ्या कुंड्या उचलल्यात."

"चुकलो, वहिनी."

"जा आता."

मी चपला घातल्या. फाटकापाशी गेल्यावर न राहवून विचारलं, "उद्या पाला...?"

"त्याला खायला लागणारच ना," त्या आतूनच म्हणाल्या.

सोमवारी उजाडताच मी नव्वद पायऱ्या चढलो. वर दव होतं. एकेक देठ बघून घोळ खुडली, केना घेतला, पाथरीची कोवळी पानं घेतली. शंका आली ती पानं टाकून दिली. अर्ध्या पिशवीला तास लागला. साहेबांना फोन करून मी आज उशिरा येईन म्हणून कळवलं.

वहिनींनी दार उघडलं. कुठला, ते त्यांनी विचारलं नाही. पिशवी घेतली, परसातल्या नळाखाली तीन पाण्यांतून पाला धुतला, पसरट वाडग्यात काढला आणि वाडगा माझ्यापुढे धरला.

"यातला मूठभर तुम्ही खा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांचा हात हलला नाही. मी मूठ भरून घेतली आणि तिथेच उभ्याउभ्या खाऊ लागलो. घोळ आंबट लागली. पाथरी कडू होती, घशात अडकली. वहिनी मान तिरपी करून, माझ्या चावण्याचा आवाज ऐकत उभ्या होत्या.

"गिळलं?"

"हो."

"बसा मग. घाई नाही ना?"

"नाही."

त्यांनी स्टूल ओढलं आणि वाडगा मांडीवर घेऊन बसल्या. पाल्याचा वास लागून धाकटा कोपऱ्यातून तुरुतुरु आला आणि त्यांच्या पावलावर डोकं घासू लागला. वहिनींनी वाडगा उचलून आणखी वर धरला.

"थांब रे जरा," त्या त्याला म्हणाल्या. "भावोजींना काही होत नाही ना, ते बघू दे आधी."

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो.