दाराचा दिवा आणि दोन साडू

सासूबाईंच्या घरात काही बिघडलं की वीस वर्षं एकच फोन वाजायचा, तो थोरल्या जावयाचा. पोटापाण्यासाठी तो टपाल कचेरीत कारकुनी करायचा, पण जीव सगळा सर्किटांत. चौकटीच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने सर्किट काढायचा, आणि एक वायर दुसरीवरून न्यायची असली की तिथे हात थांबवून एक छोटंसं कुबड काढायचा. म्हणजे बघणाऱ्याला कळावं की ही वायर उडी मारून गेली, त्या दुसरीला शिवली नाही. त्या कुबडाचा त्याला कोण अभिमान! सासूबाईंच्या जुन्या रेडिओच्या पाठीवर तसला त्याचा एक कागद अजून चिकटलेला होता.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि घरात साडू आला. त्यालाही नेमका हाच नाद! आणि हा लेकाचा सर्किट काढायचा लॅपटॉपवर.

"अहो, अगदी छापल्यासारखं दिसतं त्याचं," माहेराहून आलेली बायको म्हणाली, आणि थोरल्याच्या घशात घास अडकला.

"छापल्यासारखं दिसून काय करायचंय? चाललं पाहिजे."

"चालतं ना. आईचा पंखा त्यानेच चालू केला."

पंखा! आपल्याला न विचारता! तो घास त्याने पाण्याबरोबर कसाबसा उतरवला.

सासूबाईंना आता ऐकू कमी यायचं. गेल्या महिन्यात थोरली लेक अर्धा तास दार बडवत उभी राहिली आणि त्या आत निवांत भाजी निवडत बसल्या होत्या. तेव्हा ठरलं, की दारावरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा उघडझाप करेल असं काहीतरी करायचं. "दोघंही करून आणा," सासूबाई म्हणाल्या, "बरा असेल तो भिंतीवर लावू." त्या सहज बोलून गेल्या, पण थोरल्याला कळून चुकलं की भिंतीवर दिवा कुणाचा लागतो, त्यावर यापुढे फोन कुणाचा वाजणार ते ठरणार आहे.

मग पेन्सिल गेली खड्ड्यात. त्याने सॉफ्टवेअर शोधायला घेतलं. साडू वापरायचा ते फुकट होतं, चांगलंही म्हणत होते सगळे. थोरल्याने ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

"निदान बघा तरी काय आहे त्यात," बायको म्हणाली.

"त्याचं उष्टं मी वापरू होय?"

दुसरं रंगीबेरंगी होतं, पण केलेलं काम म्हणे इंटरनेटवरच राहणार. "माझं सर्किट परक्याच्या घरी कशाला?" म्हणून तेही बाद. तिसरं त्याला पटलं. दिसायला रुक्ष, पण रेघा अशा सुरेख, की साडूने बघत राहावं. कुबड तेवढं त्यात काढता येईना. दोन वायरी नुसत्या एकमेकींवरून गेल्या तर जोड नाही, टिंब पडलं तर जोड, असा तिथला कायदा. असू दे, म्हणाला तो. एका कुबडासाठी काय अडून बसायचं?

आठ दिवस तो संध्याकाळी कचेरीतून आला की माऊस घेऊन बसायचा. शेवटी सॉफ्टवेअरने एक पिवळी सूचना दाखवली. "मला शिकवतोस होय रे?" म्हणत त्याने ती बंद केली. रेघा उमटाव्यात म्हणून छापील कागद तांब्याच्या पाटीवर ठेवून बायकोच्या इस्त्रीने दाबला, तिची बोलणी खाल्ली, सुटे भाग पाटीवर डाख देऊन बसवले. तपासून बघायला वेळ नव्हता. आणि स्वतःच्या हातचं काय तपासायचं?

रविवारी सकाळी दोघेही साडू सासूबाईंच्या स्वयंपाकघरात हजर. थोरल्याने मान ताठ करून आपला दिवा जोडला. दिवा लागला. बटण दाबायच्या आधीच लागला, आणि विझायचं नावच घेईना. थोरल्याने बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. दिवा ढिम्म.

साडूने थोरल्याने सोबत आणलेला सर्किटाचा छापील कागद हातात घेतला. थोरल्याला वाटलं, आता हसणार. हसला असता तर बरं झालं असतं!

"दादा, इथे टिंब पडलंय," साडू हळूच म्हणाला. "तुम्ही वायर ओढताना मध्ये थांबलात का?"

थांबला होता. तिथे कुबड काढायला हात आपोआप थांबला, माऊस दाबला गेला, वायर तिथे संपली. त्याने तिथूनच पुढे ओढली. आणि सॉफ्टवेअरने टिंब टाकून दोन्ही वायरी जोडून ठेवल्या; ती पिवळी सूचना त्याबद्दलच होती. वीस वर्षांच्या सवयीने घात केला होता.

तेवढ्यात साडूने आपला दिवा जोडला. बटण दाबलं की उघडझाप, दहा सेकंदांनी बंद. काहीतरी खोट काढावी म्हणून थोरल्याने साडूचा कागद ओढून घेतला आणि बघतच राहिला. प्रत्येक वायर दुसरीवरून जाताना छोटंसं कुबड काढून गेली होती.

"हे कुठून आणलंस?"

"रेडिओमागच्या तुमच्या कागदावरून. त्याच्यावरूनच तर शिकलो मी सर्किट वाचायला." साडू जरा लाजला. "चार सॉफ्टवेअर टाकून दिली, दादा. अशी उडी याच एकात मारता येते."

थोरल्याचा मत्सर गेला म्हणावं तर तोही गेला नव्हता, तिथेच ठाण मांडून बसला होता.

"कुणाचा लावायचा मग?" सासूबाईंनी विचारलं.

साडू तोंड उघडणार, तोच थोरला म्हणाला, "याचा."

"काय?" सासूबाईंनी कान पुढे केला.

"याचा!"

"अहो, मोठ्याने बोला की! कुणाचा?"

"धाकट्याचा!" थोरला सगळा जोर लावून ओरडला. शेजारच्यांनीही खिडकी उघडून पाहिलं.

मग त्याने साडूच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतला. "सरक. भिंतीवर मी लावतो."