बाही सोडायची नाही

मी ज्युदो शिकले ते सलिलला आपटायला. हल्ली मला शाळा-कॉलेजांत भाषणाला बोलावतात. अपंगांनी ज्युदो केल्यावर आत्मविश्वास कसा येतो, तब्येत कशी सुधारते यावर बोला म्हणतात. मी बोलते. ते सगळं खरंही आहे. पण हे पहिलं वाक्य तिथे म्हणता येत नाही, म्हणून इथे आधीच सांगून टाकलं.

मला जन्मापासून दिसत नाही. सदाशिव पेठेत वाढले, आणि पुण्याच्या वेशीवर काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. तिसऱ्या मजल्यावर बसून परदेशी ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि बोलणाऱ्या कॉम्प्युटरच्या मदतीने सोडवायच्या. माझं काम चोख होतं. चिडलेला माणूस कुठल्या वाक्याला निवळणार, हे मला त्याच्या श्वासावरून कळायचं.

सलिल आमचा मॅनेजर. कंपनीत सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत होती, त्यामुळे माणसाला मान द्यायची सोयच नव्हती, आणि त्याच्या बाबतीत त्याने काही बिघडलंही नाही. पाहुणे आले की तो मला दाखवायला घेऊन जायचा. घेऊन जायचा म्हणजे दंडाला धरून ओढायचा. आंधळ्या माणसाला न्यायची रीत अगदी सोपी आहे. आपलं कोपर पुढे करायचं, आम्ही ते धरतो आणि अर्धं पाऊल मागून चालतो. पण मदत करताना डोळस माणसाला इतकं भरून येतं, की तो थेट दंडच पकडतो. मी त्याला अनेकदा सांगितलं. तो दर वेळी हसून सॉरी म्हणायचा आणि पुन्हा दंड पकडायचा.

असंच एकदा अमेरिकेचे पाहुणे खाली थांबले होते आणि लिफ्ट येत नव्हती. सलिलने मला जिन्याने खाली ओढायला सुरुवात केली. मला कठडा धरू द्या, असं मी म्हणाले. वेळ नाही, असं तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला आणि तो घ्यायला त्याने जिन्याच्या मधोमध माझा दंड सोडून दिला. त्याच्याच ओढीत मी पुढे झोकले गेले होते. खाली पोचले तेव्हा खांद्याचं हाड मोडलेलं होतं.

हाड मोडलं त्याचं एवढं नाही. हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी उभं राहून तो सगळ्यांना सांगत होता, की ही कुणाला न सांगता एकटीच जिना उतरायला गेली, मी लांबून पाहिलं आणि धावलो. मी खरं काय ते सांगितलं, पण त्याने पाहिलं होतं आणि मी नुसती पडले होते. कोणाचं खरं धरणार? एचआरमधली ऋचा गोड आवाजात म्हणाली, की धक्क्याने माणसाला नीट आठवत नाही. मग कंपनीत नियम झाला. न दिसणाऱ्यांनी तळमजल्यावरच बसायचं आणि सोबतीला कोणी असल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मला रिसेप्शनला बसवलं. काम काही नाही, येणाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणायचं. लोक जवळ येऊन हळू आवाजात विचारायचे, आता कसं वाटतंय. त्यांना सांगावंसं वाटायचं, की कुणाचा तरी गळा आवळावासा वाटतोय.

मला त्याच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. पद्मजा पडली नाही, मी तिला पाडलं. ते मिळेपर्यंत मी नोकरी सोडणार नव्हते.

टिळक रोडजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये अंधांसाठी ज्युदोचा वर्ग चालतो, हे मला कळलं तेव्हा खांदा नुकता बरा झाला होता. शिकवणारे हिंमतराव मूळचे अमरावतीचे. पहिल्याच दिवशी त्यांना स्पष्ट सांगितलं, की मला एका माणसाला उचलून आपटायचं आहे, किती दिवस लागतील?

ते हसले नाहीत. "पहिले पडणं शिका, मॅडम," ते म्हणाले. "आपटायचं मग बघू."

आणि महिनोनमहिने त्यांनी मला नुसतं पाडलं. पुढे, मागे, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. हनुवटी छातीशी, हाताचा तळवा मॅटवर सपाट. मला संताप यायचा. पडण्यात मी आधीच नाव काढलं होतं, त्यासाठी फी कशाला भरायची? पण एक गोष्ट माझ्याही नकळत झाली. एकदा स्वारगेटला बसमधून उतरताना पायरी चुकली आणि मी पडले. नीट पडले. लोक धावत यायच्या आत उठून पर्स झटकत होते. त्या दिवशी मला कळलं, की आजवर आपण प्रत्येक पाऊल पडण्याच्या धास्तीने टाकत होतो आणि ती धास्ती आता नाही. झोप लागायला लागली. खांदे मागे गेले. घरचे म्हणाले, तुझा आवाज मोठा झालाय. राग मात्र होता तसाच होता. फक्त आता त्याला हातपाय फुटले होते.

अंधांच्या ज्युदोत एक सोय असते. कुस्ती सुरू व्हायच्या आधीच दोघांनी एकमेकांना पकडायचं, एक हात कॉलरवर, एक बाहीवर. शोधाशोध नाही. एकदा हातात कापड आलं, की समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते कापडच सांगतं. आणि फेकताना त्याची बाही सोडायची नाही, वर ओढून धरायची. त्याने पडणाऱ्याचं डोकं आणि खांदा वाचतो. हिंमतराव हे रोज सांगायचे आणि मी रोज मनात म्हणायचे, की सलिलच्या वेळी मी सोडणार. एकदा सरावात मी तसं करूनही पाहिलं. माझी जोडीदार सत्यशीला, वाघोलीहून दोन बस बदलून येणारी कॉलेजची मुलगी, धाडकन खांद्यावर आदळली. हात चुकला, असं मी म्हणाले. हिंमतरावांनी ऐकून घेतलं आणि मला आठवडाभर मॅटबाहेर बसवलं. सत्यशीला पाणी देताना म्हणाली, "ताई, तुमचा हात चुकत नाही." मला लाज वाटली, पण विचार बदलला नाही.

पुढच्या वर्षी कंपनीच्या वार्षिक समारंभात ऋचाने आमच्या वर्गाचं प्रात्यक्षिक ठेवलं. कंपनीचीच एक कर्मचारी त्यात आहे म्हटल्यावर सगळ्यांना फारच भरून आलं होतं. सूत्रसंचालन सलिलकडे. छातीवर छोटा कॉलर माईक लावून तो आमच्या प्रेरणादायी की काय त्या प्रवासाबद्दल बोलत होता. सत्यशीलाचं आणि माझं प्रात्यक्षिक झालं, टाळ्या झाल्या. मग मी म्हणाले, की प्रेक्षकांतल्या कोणाला यायचं असेल तर यावं. आणि थोडं थांबून म्हणाले, सलिल, तुम्हीच या ना.

सगळे ओरडायला लागले. त्याला नाही म्हणता येईना. हिंमतरावांनी त्याला जाडजूड ज्युदोचा कोट घातला. खेळाची कॉमेंट्रीही मीच करतो, असं म्हणत त्याने माईक काढून कोटाच्या कॉलरला अडकवला. हरल्यासारखं वाटलं तर मॅटवर हात आपटा, की लगेच सोडतात, हे हिंमतरावांनी त्याला समजावून सांगितलं. माझ्याजवळ येऊन मात्र ते हळूच एवढंच म्हणाले, "बाही, मॅडम."

मी त्याची कॉलर धरली. माईक बोटांना लागला, म्हणून पकड जरा खाली घेतली. दुसऱ्या हातात बाही आली. त्याच्या मनगटाची नाडी उडत होती. तो घाबरला होता, आणि मला फार आनंद झाला.

तो मला हलकेच ढकलायला गेला. वजन पुढे आलं. मी वळले, कंबर त्याच्या खाली घातली आणि उचललं. तो माझ्या पाठीवर आडवा, पाय हवेत. तेव्हा बाही माझ्या मुठीत होती. सोडली असती तर त्याचा खांदा गेला असता. मला दया आली नाही, हे स्पष्ट सांगते. मला एवढंच सुचलं, की हाड मोडलेल्या माणसाला सहानुभूती मिळते. मला ती वर्षभर मिळाली होती आणि तिच्यात कोणालाही गप्प बसवायची ताकद असते. हा माणूस मला गप्प नको होता.

मी बाही वर ओढून धरली. तो सपाट पाठीवर पडला, अख्खा. मी त्याच्या मानेखालून हात घातला, त्याचा हात काखेत दाबला आणि छातीवर वजन टाकलं. हॉल हसत होता, शिट्या मारत होता. त्याने सुटायची धडपड केली. आंधळ्या बाईसमोर मॅटवर हात आपटायचा नाही, हे त्याने ठरवलेलं मला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"सोड," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "सगळे बघतायत."

"बघू देत," मी म्हणाले. "जिन्यावर काय झालं होतं?"

स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून होते, आणि त्याचा एक कान माझ्या दंडाखाली दबलेला होता. हशा अजून चालू होता. मी वजन आणखी थोडं पुढे घेतलं.

"ओके, ओके. मी ओढलं तुला, मीच सोडलं. तुझी वरची खुर्ची परत देतो, उद्याच देतो. आता सोड, प्लीज."

हशा पुढच्या रांगेपासून थांबत थांबत मागे गेला. मग शिट्याही थांबल्या. मला खुर्च्यांची कुरकुर ऐकू येत होती आणि कुठेतरी ऋचा, "अगं बाई," असं म्हणाली तेही.

"काय झालं?" सलिलने विचारलं. हा प्रश्नही शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"काही नाही," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू आलं."

मग त्याने मॅटवर हात आपटला, आणि मी सोडलं.